कडेवरची जीप

मिस्त्रीने चौथा पट्टा ताणला, ट्रेलरच्या चाकाला उगाच एक लाथ मारली आणि वर चढवलेल्या आपल्या जीपकडे पाहायचं टाळलं. तीस वर्षं ही जीप डोंगराच्या वाटेपर्यंत स्वतःच्या चाकांवर गेली होती आणि चिखलाने माखून स्वतःच्या चाकांवरच परतली होती. ट्रेलरवरून गाड्या आणणाऱ्यांना तो ‘कडेवरची बाळं’ म्हणायचा. आज त्याचंच बाळ कडेवर बसलं होतं.

गुडघ्याने दगा दिला होता. हमरस्त्यावर दोन तास तो जड क्लच दाबला की पायथ्याशी पोचेपर्यंत पायाचा नुसता ओंडका व्हायचा. मागच्या खेपेला तो वाट न चढताच परतला होता. तेव्हा मुलीने तोडून सांगितलं होतं, “बाबा, एक तर ट्रेलर, नाही तर जीप विकून टाक.” ती एक चढण पुन्हा चढायला मिळावी म्हणून त्याने मान तुकवली होती.

मुलीच्या मोठ्या गाडीत तो आणि बायको मागे बसले. काचा वर गेल्या आणि बाहेरचं जग मुकं झालं. रस्त्यावर धुकं होतं. मागच्या काचेतून पाहावं तर ट्रेलर दिसतच नव्हता. जीप तेवढी धुक्यातून आपल्या आपण तरंगत त्यांच्या मागे येत होती.

“किती शांत वाटतं, नाही?” बायको म्हणाली.

“झोप येते अशाने.”

“जीपमध्ये ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. पण तुमचे कान तिखट हो. एवढ्या आवाजातही सगळं ऐकायचात.”

खरं तर मिस्त्रीने कधी एक अक्षर ऐकलं नव्हतं. तिचे ओठ हलले की तो मान डोलवायचा. तीस वर्षांचा प्रवास त्या मानेवरच निभावला होता.

रस्त्याकडेची पाण्याची टाकी धुक्यातून वर आली.

“ही टाकी आली की मी दर वेळी विचारायचे,” ती म्हणाली.

“काय?”

“विसरलात? आज वाटेवर थोडी मला चालवू द्या म्हणायचे. तुम्ही हो म्हणायचात. मग तिथे पोचल्यावर काही उतरायचा नाहीत. म्हटलं, वाट अवघड असेल.”

आवाजात तक्रार नव्हती. मुलीने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली.

“तुला येते चालवता?”

“हिने शिकवली की. तीन वर्षं झाली.”

ऐकूच आलं नाही म्हणावं, की ऐकून दिली नाही असंच तिला वाटू द्यावं? दोन्हीतलं वाईट कुठलं ते त्याला ठरवता येईना. टाकी मागे पडून धुक्यात विरघळली.

पायथ्याशी त्याने पट्टे सोडले, जीप सावकाश खाली उतरवली आणि वाटेसाठी चारही चाकांतली थोडी थोडी हवा काढली. गुडघा आज कुरकुरत नव्हता. चढण समोरच होती. आत बसून त्याने इंजिन चालू केलं आणि तो पुन्हा खाली उतरला. बायको नेहमीसारखी आपल्या बाजूला उभी होती.

“तिकडून बस,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. काही न विचारता वळसा घालून ती स्टिअरिंगमागे बसली आणि सीट पुढे ओढली.

तो तिच्या जागी बसला. समोर धरायला लोखंडी दांडी होती. जीपला त्याने दोनदा स्वतः रंग दिला होता, पण दांडीवर चार बोटांएवढा रंग झिजून लोखंड चकचकीत झालेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने तिथेच धरलं.

जीप डुलत धुक्यात शिरली. इंजिनाच्या घरघरीत बायको काहीतरी बोलली. त्याची मान सवयीने हलली.

मग तो तिच्याकडे झुकला आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“काय म्हणालीस?”