सातवा ठोका

माझ्या गोष्टींवर गावात कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बराबरच आहे. बिबट्याला शेपटीला धरून मी विहिरीतून वर ओढला, असं मी तीस वर्षं सांगतोय; त्यातला बिबट्या दरसाल वीतभर वाढतो. पण ही गोष्ट वाढवायची सोयच नाही, कारण तिचा साक्षीदार अजून बोलतोय. गोरेगावच्या रस्त्याला लागलात की कान द्या. पुक् पुक् पुक् पुक् पुक् पुक्, आणि गप्प.

ती ग्यानोबाची पिठाची गिरणी. ग्यानोबा माझा लहानपणापासूनचा दोस्त. गिरणी आता त्याची सून शिला चालवते. पूर्वी तिथं डिझेलचं इंजिन होतं. छपरावरचं धुराडं पुकपुकलं की चार गावच्या बाया डबे उचलायच्या. मग शिलानं विजेची मोटर बसवली. मोटर गुणाची, पण मुकी. गिरणी चालू आहे की लाईट गेली, हे रानात निंदणाऱ्या बाईला कळावं कसं? डबा डोक्यावर घेऊन यावं, तर दाराला कडी. फोन केला तर "हाय, हाय लाईट" म्हणेपर्यंत लाईट जायची. दोनदा परत गेलेली बाई तिसऱ्यांदा जीपनं गोरेगावची गिरणी गाठायची.

इंजिन विकल्यापासून ग्यानोबा गिरणीची पायरी चढला नव्हता. एक दिवस अंगणातूनच म्हणाला, "पोळ्याच्या आदल्या दिवशी सेनगावहून रामकिशन मिस्त्री येऊन राहिला. इंजिन त्यानंच मोडीत नेलं, आता गिरणीबी नेईल. तवर डब्यांची रांग लागली तर गिरणी तुझी, पुन्हा बोलणार न्हाई."

"शब्द देता, मामंजी?"

"देल्ला."

शिला आयटीआय शिकलेली. तिनं काय केलं, ऐका. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, निळ्या रंगाची एक पट्टी असते, आर्डुइनो म्हणतात तिला. शिकलेली पोरं तिच्यावर दिवे लुकलुकवायचा खेळ खेळतात. शिलाकडं ती शिकतानाची पडून होती. वारंगा फाट्यावरून तिनं मोडीतल्या कारच्या दाराला आपोआप कुलूप लावणारी मोटर आणली. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लोखंडी पिंपाच्या एका तोंडावर ताणलं, दुसरं तोंड जुन्या धुराड्याला जोडलं. गिरणी फिरायला लागली की पट्टी हुकूम सोडणार, दाराची मोटर रबरावर टोला हाणणार, धुराडं बोलणार. लाईट गेली की सगळं चूप. म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. माझ्यासारख्याला ते यंत्र काय कामाचं!

पोळ्याला तीन दिवस होते. शिलानं बटण दाबलं आणि धुराडं असं पुकपुकलं, की कौलावरची कबुतरं जी उडाली ती थेट कळमनुरीला उतरली. आम्ही दारात उभे राहिलो. एक तास गेला, दोन गेले. डबा एकही नाही. शेवटी शकुंतलाबाई रस्त्यानं आली, तीही हात हलवत.

"काहून आत्याबाई, दळण न्हाई आणलं?" शिलानं विचारलं.

"कशाचं दळण? गिरणी बंद हाय न्हवं? म्या तर समजले, कोणाच्या मळ्यात बोअर घेऊन राहिले."

शिला तिथंच पोत्यावर बसली. "आवाज तर तसाच हाय, काका. मंग ओळखू काहून येऊन नाही राहिला?"

मी डोळे मिटले. ऐकलं. आणि चाळीस वर्षांचं ते इंजिन माझ्या कानात खोकलं. "पोरी, तुझं यंत्र लई शहाणं हाय. आपलं इंजिन सहा ठोके द्यायचं अन् सातव्याला दम खायचं. सातवा गाळ."

"बिबट्यावानीच का हे?"

"बिबट्याची शपथ!"

ती हसली नाही. सासऱ्याला विचारायला गेली, तर ग्यानोबानं तोंड फिरवलं. "मेलेल्याचं दुखणं इचारू नये," एवढंच बोलला. पण शिला हुशार. न्हाई म्हणाला नाही, हे तिनं ओळखलं. तिनं लॅपटॉप उघडला आणि पट्टीच्या हुकमातली एक ओळ बदलली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी लाईट आली. पुक् पुक् पुक् पुक् पुक् पुक्. गप्प.

पहिली शकुंतलाबाईच आली, पुरणपोळीचे गहू घेऊन, धापा टाकत. "अगं बया, इंजिन परत आलं व्हय?" तिच्यामागं चार, चारांमागं चाळीस. डबे, पिशव्या, बादल्या, एकानं तर उशीच्या खोळीत गहू आणले. रांग गिरणीपासून निघाली, मारुतीला वळसा घालून बुद्धविहारापर्यंत गेली आणि तिथं वळून परत गिरणीत शिरली. शेवटचा डबा पहिल्याच्या आधी दळून झाला. हे थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

इतक्यात ग्यानोबा आला. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. तीन वर्षांनी पायरी चढला, आत जाऊन पिंपावर हात ठेवला आणि ओठ हलवत मोजू लागला. सातव्याला त्याचे ओठ थांबले, पिंपही थांबलं. म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि वर म्हणाला, "पीठ लई उडून राहिलं."

त्याच वेळी टेम्पोतून रामकिशन मिस्त्री उतरला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "ग्यानबा, ते इंजिन म्या माझ्या हातानं मोडीत तोडलं. हितं कोण बोंबलून राहिलं?"

मिस्त्रीची जातच अशी, की भूत दिसलं तरी आधी बिघाड शोधील. त्यानं कान लावला, सहा मोजले, सातव्याला त्याचं कपाळ आक्रसलं आणि हात आपोआप पिशवीतल्या पान्याकडं गेला. "तेच दुखणं! सातवा ठोका गाळून राहिलं. थांबा, बघतो."

ग्यानोबा दोन्ही हात पसरून पिंपापुढं उभा राहिला.

"हात लावू नको, रामकिशन! लेका, दुरुस्त करशील! गिरणी आता माझ्या सुनेची हाय. दळण आणलं असशील तर रांगेत ठेव."

रामकिशनचा टेम्पो रिकामाच गेला. तसा अगदी रिकामा नाही. मागं शिलानं दळून दिलेलं पायलीभर पीठ होतं.