पोपट सापडला, मंत्री हरवला

माझ्या नवऱ्याला कुठल्याही अडचणीवर एकच उपाय सुचतो: बाहेर जाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कोंदट खड्ड्यात काम केल्यावर माणसाला तसं वाटत असेल. त्यामुळे त्याची मुलगी गोटी येत्या रविवारी बॅग घेऊन मावशीकडे कायमची राहायला जाणार हे ठरलं, तेव्हा त्याने शनिवारी दुपारच्या सिनेमाची तीन तिकिटं काढली.

गोटी चौदा वर्षांची. तिची आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी या घरात गेल्या वर्षी आले. तेव्हापासून तिने मला एकदाही कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. काही हवं असलं की ती फ्रिजला सांगायची. "दूध संपलंय," असं फ्रिजला सांगून ती खोलीत जायची, मग मी दूध आणायचे. तशी वागायला वाईट नव्हती. ती गेली तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं, हे एक. दुसरं म्हणजे मला ती आवडायला लागली होती, आणि ते जास्त गैरसोयीचं होतं.

सिनेमा म्हणजे तिच्या आईच्या लाडक्या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग. पहिल्या भागात एक नवराबायको मंत्र्याचा पोपट सांभाळायला घेतात आणि हरवून बसतात. मायलेकींना तो अख्खा तोंडपाठ. नुसता पाठ नव्हे, पडद्यावरचा माणूस बोलायच्या क्षणभर आधी त्याचं वाक्य आपण म्हणायचं, असा या घराचा रिवाज. सिनेमातल्या नवऱ्याची वाक्यं गोटीची, बायकोची आईची. आता गोटी एकटीच आपली वाक्यं म्हणायची आणि बायकोच्या वाक्यांना गप्प बसायची.

इथे मी नको तो शहाणपणा केला. मी दातांच्या कवळ्या बनवते, त्यामुळे रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. घरात कोणी नसताना मी बायकोची सगळी वाक्यं घोकली. मग एका संध्याकाळी गोटी सिनेमा बघत असताना स्वयंपाकघराच्या दारातून ठणकावून म्हटलं, "पोपट उडाला, पण पिंजरा तर आपलाच आहे ना!" बरोबर क्षणभर आधी. गोटीने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन गेला.

तर शनिवारी आम्ही तिघं थिएटरात, गोटी मध्ये. नटांची नावं संपायच्या आत नवऱ्याची मान पडली. अंधार झाला की त्याला झोप लागतेच.

दुसऱ्या भागात पोपट सापडलेला असतो आणि मंत्री हरवतो. इथवर ठीक. मग नायक घराची बेल वाजवतो, दार उघडतं, आणि दारात भलतीच नटी! बायको तीच, गाऊनसुद्धा तोच, फक्त बाई वेगळी. नायक म्हणतो, "भूक लागलीय गं," आणि सरळ आत जातो. सासू काही बोलत नाही. शेजारी काही बोलत नाहीत. एरवी तोंड बंद न ठेवणारा पोपटही गप्प. थिएटरात कुजबुज झाली. मी चोरून गोटीकडे बघितलं. नवऱ्याने या सिनेमाबद्दल तिकिटाशिवाय काहीही वाचलं नव्हतं हे उघड होतं.

त्या बिचारीला पहिलीसारखं नाकातून हसायला लावलं होतं आणि तिला ते जमत नव्हतं. ती हसली की गोटी आमच्या दोघींमधला खुर्चीचा हात घट्ट धरायची. मी माझं कोपर काढून घेतलं. बाकी सिनेमाही रटाळच. पोपटाचा रंग दर प्रसंगाला बदलत होता.

मध्यंतरानंतर बायको कपडे ठेवायला कपाट उघडते. आत टांगलेल्या शर्टांच्या रांगेत मंत्री उभा. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, अजून इस्त्री व्हायचीय तुमची."

खरंच निघून गेलं. विचार केला असता तर पुन्हा ते धाडस झालं नसतं. पडद्यावरची बाई नुसती किंचाळून बेशुद्ध पडली, म्हणजे लेखकाला काही सुचलं नव्हतं. पुढच्या रांगेतले एक टक्कलवाले गृहस्थ वळून हसले. माझ्या शेजारी फुसकन आवाज झाला. गोटी तोंडावर हात दाबून हसत होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या सिनेमातलं पुढचं वाक्य कोणालाच माहीत नाही. तिला नाही, मला नाही, तिच्या आईलाही नसतं. मंत्र्याची बायको दारात आली तेव्हा गोटी पडद्याकडे बघतच पुटपुटली, "आमच्या ह्यांना कुठल्या खणात ठेवलंत?" पडद्यावरची बाई भलतंच काहीतरी बोलली. मग मी एक म्हटलं, मग तिने. आमचं एकही बरोबर आलं नाही, आणि बहुतेक वेळा आमचंच बरं होतं. शेवटी सगळी मंडळी एका मोठ्या पिंजऱ्यात अडकली. त्याला काडीचा अर्थ नव्हता आणि आम्ही दोघी डोळे पुसत होतो. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

बाहेर आल्यावर नवरा डोळे चोळत म्हणाला, "छान होता."

"घोरत होतास तू," गोटी म्हणाली. "भिकार होता. आणि ती बाई सारखी पहिलीसारखं हसायला का बघत होती? कोणी सांगितलं होतं तिला?"

"कोणी सांगितलं नसेल," मी म्हटलं. "तिला वाटलं असेल, नाहीतर लोक उठून जातील."

गोटीने थोडा वेळ बुटाच्या टोकाने फरशी घासली. "कपाटानंतर बरी वाटायला लागली," ती म्हणाली.

नवरा गाडीकडे निघाला. "बरं, उद्या मावशीकडे किती वाजता सोडू?"

"उद्या पिक्चर आहे."

"कुठला?"

"हाच. पाठ व्हायला नको? तू नको येऊस, झोपतोस. आम्ही दोघी जातो."

मी गाडीची किल्ली शोधायचं निमित्त करून पर्समध्ये मान खुपसली. किल्ली नवऱ्याच्या हातात होती.