दुखण्याचा आकडा

मीटरवाल्या काकांनी पस्तीस वर्षं दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचले, पण एकदाही खोटा आकडा लिहिला नाही. कुत्री मागे लागली तरी नाही. आता मात्र उजव्या फुफ्फुसाचा तुकडा काढून तीन दिवस झाले होते आणि काका बेधडक खोटा आकडा सांगत होते.

विचारणारी सिस्टर होती. दर चार तासांनी ती तक्ता घेऊन यायची. "काका, शून्य ते दहा. किती दुखतंय?"

"शून्य."

त्या वॉर्डात भुलीच्या औषधांची दोन मिश्रणं तपासली जात होती. कुणाला कुठलं दिलंय हे सिस्टरलाही ठाऊक नव्हतं. कुणाचं कमी दुखतं आणि कोण लवकर सावरतं, एवढंच लिहायचं होतं. काकांचे शून्यावर शून्य पाहून भूलतज्ज्ञ डॉक्टरांना गगन ठेंगणं झालं. त्यांनी दुखणं थांबवणाऱ्या औषधाचा पंप आणखी कमी केला आणि वर "शाब्बास!" म्हणाले. शाबासकी काकांना होती की मिश्रणाला, ते कळलं नाही.

दुखत तर होतं. कुशीत कोणी सुरी ठेवून विसरून गेल्यासारखं दुखत होतं. पण ज्याला दुखत नाही त्याला लवकर घरी सोडतात, असं काकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. घरी बायको होती. वर्षभरापासून तिला एकेक गोष्टीचा विसर पडत चालला होता. आधी गॅस, मग शेजारीण, मग सख्खी बहीण. तीच बहीण आता सोबतीला येऊन राहिली होती आणि रोज सकाळी "बाई, तुम्ही कोण?" हे ऐकून घेत होती. काकांना मात्र बायको अजून ओळखायची. आठवडाभर नजरेआड राहिलो तर आपलाही नंबर लागेल, या धास्तीने काकांचा जीव टांगणीला लागला होता.

सिस्टर काही दुधखुळी नव्हती. फुफ्फुसाच्या व्यायामाच्या यंत्रातल्या, श्वास ओढून वर उचलायच्या तीन गोट्यांपैकी एकही काकांच्याने हलत नव्हती. खोकायला सांगितलं की ते घशातल्या घशात खाकरायचे. सकाळपासून अंगात कणकणही होती.

"काका, कफ साठला तर न्यूमोनिया होईल. मग बसा महिनाभर इथेच. दुखत असेल तर सांगा, औषध वाढवू, म्हणजे नीट खोकता येईल."

"दुखतच नाही, तर सांगू काय?"

तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. काकांना हात उचलवेना, म्हणून सिस्टरने स्पीकर लावून फोन उशीवर ठेवला. पण बोलली ती बायको.

"अहो, दुखतंय का?"

"अजिबात नाही!"

"खोटं. खोटं बोलायचं असलं की तुमचा आवाज असाच चढतो. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी."

काकांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने निमूटपणे पेनाचं टोपण काढलं.

"नऊ," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

सिस्टरने नऊ लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं. बायकोने नुसत्या आवाजावरून खोटं ओळखलं, याचा काकांना इतका आनंद झाला की रडूच आलं, आणि रडताना कुशीत इतकं दुखलं की त्यांनी नवाचं साडेनऊ करायला सांगितलं.

मग ते फोनकडे तोंड करून म्हणाले, "मला यायला जरा उशीर होईल गं."

"होऊ दे की," ती म्हणाली. "मी कुठे जाणार आहे?"