माडीवरची मधली जागा

पहाटे माडीचे सारवण सुरू झाले की ओल्या शेणामातीचा गार वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि त्यामागून सुमित्रेच्या बांगड्यांचा, अर्धवर्तुळात फिरणारा संथ आवाज. खाली दुकानात बसून माझी पत्नी वर नेमकी कुठे आहे, हे मी त्यावरून ओळखत असे.

खामगावच्या पेठेतले आमचे विटांचे दुमजली घर. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले आणि आमचा कापसाच्या भावावर. म्हणून जोडीला कापडाचे दुकान थाटायचे ठरले. खालच्या दोन खोल्यांमधली भिंत काढली आणि माडीचा भार नऊ हात लांबीच्या सागवानी तुळईवर घेतला.

"फिकर नका करू शेठ, वरते हत्ती नाचवा!" रहीम मिस्त्री तुळईवर थाप मारून म्हणाले.

"हत्ती कायले? मीच हाय न," जिन्यातून सुमित्रा म्हणाली.

सगळे हसले, माझी काळजी मात्र हसण्यावारी गेली नाही. तुळईखाली मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधला. दोरा आणि लाकूड यांच्यामध्ये ज्वारीचा दाणा सरकेल एवढीच फट; तुळई वाकली, तर दाणा अडणार. रोज सकाळी मी दाणा सरकवून पाही. पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली, तेव्हा रात्री दुकान बंद करतानाही.

त्याच दिवसांत वरची पावले बदलली. खिडकीतल्या कवडशासारखी माडीभर फिरणारी ती पावले आता भिंतीच्या कडेकडेने जाऊ लागली. वर जाऊन पाहिले, तर मधल्या जमिनीवर तिच्या बोटांची सारवणातली कमानदार वळणे अस्पर्श होती आणि कडेला पायवाट उमटली होती.

"भेव वाटते का तुले?"

"मले कायचं भेव?" पदर सावरत ती म्हणाली. "पन तुमची गादी बरोब्बर मंधात हाय न. तुमी खाली बसता."

आम्ही दोघेही एकाच लाकडाला भीत होतो. मी वरच्या माणसासाठी, ती खालच्या.

आठवड्याभरात तुळईखाली खांब उभा राहिला. तरी तिची पावले मध्ये आली नाहीत; शेवटपर्यंत नाहीत.

आज ती नाही. दोरा अजून ताणलेला आहे, तुळई तसूभरही हललेली नाही. सारवायला येणारी बाई मधूनच बेधडक चालते. मी मात्र वर गेलो की भिंतीच्या कडेने जातो. दुपारी गादीवर बसले की वरची शांतता ऐकू येते. त्या शांततेचे वजन किती आणि ती कशावर तोलून धरायची, हे मला अजून मोजता आलेले नाही.