गाडीचे हातमोजे

विनिता सर्वणच्या तिठ्यावर डिचोलीच्या बसची वाट बघत उभी होती. हातात काळी प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गच्च गाठ मारलेली. अडीच महिन्यांपूर्वी हॉस्पिटलातल्या बाईने नवऱ्याच्या अंगावरच्या वस्तू म्हणून ती तिच्या हाती दिली होती. तेव्हापासून ती गाठ कुणी सोडली नव्हती. आज ती पिशवी घेऊन ती नवऱ्याच्या डेपोत निघाली होती, आणि त्याला मात्र देवळात जाते म्हणून सांगितले होते. बारा वर्षांच्या संसारातले हे तिचे पहिले खोटे. तेही धड जमले नव्हते, फुलांची परडी घ्यायलाच ती विसरली होती.

जाणे भाग पडले ते एका फोटोमुळे. साईश, नवऱ्याबरोबर त्याच डेपोत गोठवलेल्या मालाची गाडी चालवणारा, परवा विचारपूस करायला आला होता. भोळा माणूस. त्याने आपला फोन पुढे केला आणि डेपोच्या भिंतीवर नवीन कागद लागलाय तो दाखवला. वर मोठ्या अक्षरांत, 'गोठवलेला माल उतरवताना काय घालावे'. खाली जाड कोट, कानटोपी, गमबूट, हातमोजे. आणि तळाशी लाल पेनाने: 'चालक कृष्णनाथ याने हातमोजे न घालता माल उतरवला. तीन बोटे गेली. त्याच्यासारखे करू नका.'

नवरा, कृष्णनाथ, फोटो बघून हसला. "बरां लिवलां," म्हणाला, "अक्षर सुपरवायझर गुरुदासबाबाचांच." स्वयंपाकघरात विनिताच्या हातातला डाव थांबला. कारण कृष्णनाथने मोजे घातले होते. ते कुणी धुतले, कसे सुकवले, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते, आणि त्यातल्या एकाने दुसरीला तोंड उघडायचे नाही म्हणून बजावले होते.

कृष्णनाथ लईराई देवीचा धोंड. शिरगावच्या जत्रेला जे व्रत धरून होमकुंडातून चालत जातात, त्यांतला. अकरा वर्षे तो त्या निखाऱ्यांवरून गेला, पायाला एक फोड नाही. जत्रेआधी पाच दिवस कडक सोवळे: वेगळी चूल, वेगळे ताट, दुसऱ्याने वापरलेले कापडसुद्धा अंगाला लावायचे नाही. दर वर्षी तो ते दिवस रजा घ्यायचा. यंदा गुरुदासने रजा दिली नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावरची हॉटेले भरलेली, गाड्या कमी, माणसे त्याहून कमी. फार तर मासळी-चिकन दुसऱ्याला देतो, तू मटार आणि आइस्क्रीम ने, एवढी सवलत मिळाली.

कोट ज्याचा त्याला होता. हातमोजे मात्र गाडीचे. सकाळी जो घालून चिकनची खोकी उतरवतो, त्याचेच दुपारी दुसरा घालतो. बाहेरून रबर, आतून जाड लोकर, आणि वास असा की सोवळे राहू दे, एरवीसुद्धा नाक मुरडावे. पहिल्या दिवशी कृष्णनाथ उघड्या हातांनीच काम करून आला. बोटे लाल, सुजलेली.

"मोजे घरी हाड," विनिता म्हणाली. "मी न्हाऊन, उपास धरून धुतंय. मगे तुका चलतले."

गाडीचे सामान घरी न्यायचे नाही असा नियम होता. पण बायकोने एवढ्या मनापासून सांगितलेले, नियमापेक्षा जड ठरले. संध्याकाळी त्याने मोजे आणले. तिने विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतले, मोजे तीन पाण्यांतून काढले, पिळले आणि वळचणीच्या काठीवर टाकले. पहाटे निघायच्या वेळी ते वरून खडखडीत होते. तिची आंघोळ तेव्हा व्हायची होती. पारोशा हाताने कसे शिवणार? म्हणून तिने ते काठीनेच उचलले आणि काठीनेच त्याच्यापुढे धरले. आत हात घालून बघायचे तिला सुचले नाही असे नाही. सुचले होते. हात आवरला तो सोवळ्यासाठी, आणि हेच तिला अडीच महिने झोपू देत नव्हते.

त्या दिवशी हरमलच्या एका हॉटेलापाशी गाडीतली खोकी कोसळली होती. माल वितळू नये म्हणून दार ओढून घेऊन कृष्णनाथ तासभर आत खोकी रचत बसला. बाहेर वैशाखाचे ऊन, आत उणे अठरा आणि वरून पंखा. बाहेर आला तेव्हा उजव्या हाताची बोटे पांढरीफटक पडली होती. पंधरा दिवसांनी ती काळी झाली, आणि मग डॉक्टरांनी ठेवली नाहीत. चौकशीला गुरुदास आला तेव्हा गाडीत मोजे नव्हतेच, ते कृष्णनाथबरोबर हॉस्पिटलात गेले होते. कृष्णनाथ म्हणाला, "घातलेच नाय मी. माजीच चूक." बायकोचे नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून या माणसाने अंगावर बावळटपणा ओढून घेतला, आणि आता तो बावळटपणा भिंतीवर लागला होता.

डेपोत गुरुदास चहा पीत होता. तिला बघून उठला, खुर्ची दिली. विनिता बसली नाही.

"तो कागद काढा," ती म्हणाली.

"वहिनी, इतरांच्या भल्यासाठी लावलाय. राग नको मानू."

"माझो घोव मोजे घालून गेल्लो. मी धुतलेले." तिने सगळे सांगितले. व्रत, विहीर, काठी. मग टेबलावर पिशवी ठेवून गाठ दातांनी सोडली. कुबट भपकारा आला. मोजे बाहेरून कोरडे दिसत होते, बुरशीचे दोनचार ठिपके तेवढे.

"हात घाला आत," ती म्हणाली.

गुरुदासने घातला आणि लगेच काढला. बोटे ओली झाली होती. ती त्याने रुमालाला पुसली. रजेचा अर्ज त्यानेच परत केला होता, हे दोघांनाही आठवत होते. मग त्याने भिंतीवरचा कागद काढला, तळाची ओळ फाडली आणि त्या जागी लिहिले: 'हातमोजे प्रत्येकाला स्वतःचे. आतून कोरडे आहेत का, हात घालून बघा.' नाव कुणाचेच लिहिले नाही. विनिताने दोनदा वाचून घेतले. इतके साधे वाक्य. कुणी आधी लिहिले असते तर!

घरी आली तेव्हा कृष्णनाथ पडवीत बसला होता. मागे खुंटीला त्याचा वेत, धोंडांच्या हातातली ती वेताची काठी, रंगीत गोंडे लावलेली. यंदा ती तिथून हललीच नव्हती.

"देवळात गर्दी होती?" त्याने विचारले.

"मी देवळात गेलंय नाय. डेपोत गेल्लंय. सगळां सांगलां."

तो रागावेल असे तिला वाटले होते. त्याने डाव्या हाताने तिच्यापुढे पाट सरकवला.

"मोजे भिजके होते ते तुका कदी कळलां?" तिने विचारले.

"पयल्या हॉटेलातच."

"मगे काढलंस कित्याक नाय?"

"उपास धरून धुतलेलंस," तो म्हणाला. "काढूक मन जालां नाय. म्हटलां, मी होमातल्या उज्यातसून चलतंय, थंडी माका काय करतली?"

विनिता उंबऱ्यावरच बसली आणि ढसाढसा रडली. हॉस्पिटलातही रडली नव्हती एवढी. त्याने तिला रडू दिले. डाव्या हाताने पाठीवर थोपटायला गेला, पण ते त्याला नीट जमेना.

संध्याकाळी त्याची पट्टी बदलायची वेळ झाली. जखमेवर चढवायची सुती पिशवी तिने सकाळीच धुऊन वाळत घातली होती. दोरीवरून काढली, गालाला लावून बघितली. मग त्याच्यापुढे बसून तिने आपला हात आत घातला, अगदी तळापर्यंत, आणि पाची बोटे फिरवून बघितली. कोरडी होती. मगच तिने ती त्याच्या हातावर चढवली.