चौकीपुढचं बारसं

"जालिंदरला टँकरवर धाडू नगं, त्या हवालदाराचा हात लई लवकर उठतो," शेजारच्या छबूबाईंनी मला बजावलं होतं. मी नगरला कॉलेजात शिकलेली. आता कायदा आहे की, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

यंदाचा दुष्काळाचा उन्हाळा. जालिंदर म्हणजे माझा दीर. रांगेत नंबर आला तशी त्याने घागर लावली. बौद्धवाड्याने शेवटी भरायचं म्हणत हवालदाराने त्याच्या पाठीवर काठी मोडली, वर चौकीत कोंडला.

घरात दोन तट पडले. माझ्या सासूबाई, म्हणजे आक्काबाई, मोर्चा काढायचा म्हणत. आमचे यजमान शाळेत मास्तर. ते म्हणत जमावबंदी आहे, आणखी चौघं आत जातील, अर्ज देऊ. तान्ह्या लेकीला उराशी धरून मी ऐकत होते. पटत दोघांचंही होतं, भीतीही दोघांची वाटत होती.

शेवटी आक्काबाईंनी विचारलं, "मास्तर, बारशाला बंदी हाय का?"

दुसऱ्या दिवशी चौकीसमोरच्या लिंबाला पाळणा टांगला. जमल्या तेवढ्या घुगऱ्या शिजवल्या. बायकांची ही गर्दी बघून फौजदार बाहेर आले, मोर्चा कुणाचा म्हणून विचारू लागले.

"बारसं हाय, सायेब," आक्काबाई म्हणाल्या. "पोरीला आत्या न्हाई. कानात नाव काकानं सांगायचं, अन् काका तुमच्याकडं. त्यो येईस्तवर आमी पाळना म्हनतो."

आणि म्हटला. कडव्याकडव्यात घागर, काठी, हवालदाराच्या मिशा. माझं लक्ष दारातल्या काठ्यांवर. तेवढ्यात मळ्यातल्या सुमनबाई आल्या. जालिंदरला मारलं तेव्हा टँकरपाशी त्या नुसत्या बघत उभ्या होत्या. आज पाळण्याची दोरी धरून सगळ्यांत मोठ्याने गाऊ लागल्या. शिपाई तोंड फिरवून हसत होते. अर्ज घेऊन आलेल्या मास्तरांच्या हातातही कुणीतरी दोरी दिली.

उन्हं कलताना जालिंदरला सोडलं. त्याला वाकता येईना, म्हणून लेकीलाच वर उचललं. "विशाखा," तो कानात म्हणाला. ती शिंकली आणि सगळा रस्ता हसला.

काम अर्जाने झालं, असं मास्तर म्हणतात. आक्काबाई म्हणतात, मग फौजदाराने घुगऱ्या दोनदा का मागितल्या?

पण जालिंदरच्या शेजारी कानिफनाथ पारधी कोंडलेला होता, आणि तो अजून आतच आहे. त्याचं पाल, माळावरचं कापडी झोपडं, पोलिसांनी उठवलं. बायकापोरं कुठे पांगली, कळत नाही. आम्ही गेलो की दारातूनच परतवून लावतात. कर्जतकडे जाताना एसटी आमच्या गावात थांबते. तेवढं उतरा, चौकीत विचारा, कानिफनाथ जेवला का? आणि त्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलू नका.