संत कोरडा राहिला पाहिजे

आमच्या गावात देवमाणसाशीही व्यवहार रोखठोक. संत उर्बान हा द्राक्षमळ्यांचा राखणदार. त्याच्या सणाला ऊन पडलं तर मूर्तीच्या डोक्यावर वाइन ओततात, गळ्यात वेलींच्या माळा घालतात. पाऊस पडला तर त्याच मूर्तीला नेऊन घोड्यांच्या हौदात बुचकळतात. भक्ती भक्तीच्या जागी, मळा मळ्याच्या जागी.

यंदा मात्र गेर्लिंडचा जीव टांगणीला लागला होता. तिला लग्न करायचं होतं पिंपं बांधणाऱ्या एकार्टशी. तिचा बाप फोल्कमार हटवादी नंबर एक. रविवारी गुत्त्यात जरा जास्त झाली आणि त्यानं भर गावासमोर उर्बानची शपथ घेतली, की सणाला संत कोरडा राहिला तर पोरगी एकार्टला, हौदात गेला तर गिरणीवाल्याच्या रुप्रेश्टला. आता रुप्रेश्ट म्हणजे हसता हसता जांभई देणारा माणूस. त्याच्याशी संसार कसला करायचा, कप्पाळ.

दुपारपर्यंत ऊन लख्ख. गेर्लिंड इतकी नाचली की तिची टोपी उडून पाद्रीबाबांच्या ताटात पडली. एकार्ट मूर्तीला खांदा देऊन चालला होता, आणि वरून ओघळणारी वाइन जिभेनं झेलत होता. मग नदीपलीकडून ढग वर आले, काळेकुट्ट.

"काय गं नवरीबाई," शेजारची बेर्टामावशी म्हणाली, "गिरणीत पीठ फार उडतं हो. शिंकायची सवय कर."

गर्दी मूर्ती घेऊन हौदाकडे वळलीच होती. सगळ्यांच्या माना वर, पहिला थेंब कधी पडतो याची वाट बघत. उर्बानचा सण संपतो संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी त्याला बोल लावायचा नाही, तो दुसऱ्या दिवसाच्या संताचा पाऊस. पण घंटेला अजून बराच अवकाश होता, आणि घंटा वाजवणारा ओटमार बाकाखाली घोरत पडला होता.

गेर्लिंडनं घागरा वर खोचला आणि देवळाकडे धूम ठोकली. घंटेच्या दोराला लोंबकळली, पाय झाडले, उर्बानला लाडीगोडी लावली, मग शिव्या घातल्या. घंटा ढिम्म हलेना. तेवढ्यात दारात फोल्कमार उभा, धापा टाकत.

"मला अडवू नका, बाबा," ती म्हणाली. तिला रडू फुटलं.

"अडवतोय कोण? जरा सरक तिकडं." त्यानं दोराला हात घातला. "रविवारपासून डोळ्याला डोळा लागला नाही माझा. शपथ मोडली तर नरकात जाईन. पण घंटा वाजवणार नाही, अशी शपथ मी कधी घेतलीय?"

"अहो पण वेळ झाली नाही अजून."

"ढगांत वेळ कुणाला दिसतेय? ओढ."

दोघांनी मिळून असा हिसका दिला की घंटा दणाणली, आणि दोर वर जाताना बापलेकीला घेऊनच गेला. तिकडे हौदावर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले. उर्बानला पाण्यावर आडवा धरून उभा असलेला एकार्ट घंटा ऐकून जागीच थबकला, आणि मूर्ती छातीशी कवटाळून खदखदा हसत सुटला. इकडे फोल्कमार दोराबरोबर वर जात होता, खाली येत होता.

"पोरी, सोड आता. वाजली की."

"तुम्ही सोडा आधी," गेर्लिंड म्हणाली. हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं, आणि बापानं दोर काही सोडला नाही.